आधीची पदवी आणि नेतृत्वाचा दावा

अमेरिकेतील फार्मसी महाविद्यालयांच्या प्रवेशनीतीविषयी जे वाद चालतात, त्यांत एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. फार्मसीकडे वळण्यापूर्वी ज्याने दुसऱ्या एखाद्या विषयाची पूर्ण पदवी मिळवली आहे, तो विद्यार्थी महाविद्यालयात पुढारपण करण्यास अधिक लायक ठरतो, आणि म्हणून अशी पदवी ही प्रवेशाची अटच असावी, असे ते मत आहे. त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग निरीक्षणाचा आहे, दुसरा धोरणाचा. पहिला भाग क्षणभर खरा धरला तरी दुसरा त्यातून निघत नाही. आणि पहिला भागही, ज्या पायावर तो उभा केला जातो तो तपासला असता, दिसतो तितका भक्कम राहत नाही.

वाद समजण्यासाठी तिथली रचना ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी आज ‘फार्मडी’ म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ ही व्यावसायिक पदवी घ्यावी लागते. या शिक्षणाचा दर्जा ठरवणाऱ्या आणि महाविद्यालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या परिषदेच्या नियमानुसार, मूळ व्यावसायिक अभ्यासक्रम चार शैक्षणिक वर्षांचा आणि त्याआधीची तयारी किमान दोन वर्षांची असावी लागते. या दोन वर्षांत रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, भाषा असे विषय पुरे करायचे असतात. पदवी हाती असलीच पाहिजे असे परिषद म्हणत नाही. त्यामुळे एकाच वर्गात तीन प्रकारचे विद्यार्थी शेजारी बसतात: शाळा संपताच सलग सहा वर्षांच्या योजनेत आलेले, दोन-तीन वर्षे महाविद्यालयात काढून पदवी न घेताच आलेले, आणि चार वर्षांची पदवी पुरी करून, कधी काही वर्षे नोकरी करून आलेले. काही महाविद्यालये या तिसऱ्या गटाला उघडपणे प्राधान्य देतात, आणि नेतृत्वाचा युक्तिवाद त्या प्राधान्याचा आधार म्हणून पुढे केला जातो.

प्रथम विचारायला हवे ते हे की इथे नेतृत्व मोजले कशाने जाते. अशा तुलनांत नेतृत्व म्हणजे बहुधा पदे: वर्गाचा अध्यक्ष, राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या शाखेचा सचिव वा खजिनदार, एखाद्या समितीचा प्रमुख, किंवा ‘फाय लँब्डा सिग्मा’ या नेतृत्वासाठीच्या मानसंस्थेचे सदस्यत्व. ही संस्था १९६५ मध्ये अलाबामातील ऑबर्न विद्यापीठात सुरू झाली आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या. तिच्यात नवा सदस्य घ्यायचा की नाही हे आधीचे सदस्य ठरवतात. म्हणजे जे आधी पुढारी मानले गेले, ते आपल्यासारख्यांना पुढारी मानतात. अशा मोजणीत चढते काय, तर दृश्यता, ओळखी आणि पदासाठी उभे राहण्याची सवय. हे गुण हलके नाहीत, पण नेतृत्वाचा अर्थ त्यांत संपत नाही. जो विद्यार्थी महाविद्यालय सुटल्यावर औषधांच्या दुकानात रात्रपाळी करतो, विमा नाकारला गेल्याने संतापलेल्या गिऱ्हाइकाला शांत करतो, इंग्रजी न येणाऱ्या आईला मुलाच्या औषधाची मात्रा तिच्या भाषेत पुन्हा पुन्हा समजावतो आणि सोबतच्या नवख्या कामगाराची चूक कुणाला कमीपणा न आणता दुरुस्त करतो, त्याच्या नावापुढे कोणतेही पद लागत नाही. त्याचे काम कोणत्याही नोंदीत उतरत नाही, म्हणून ते नेतृत्व नव्हे, असे म्हणण्याचे धाडस फार्मसीसारख्या, लोकांशी रोज समोरासमोर बोलण्याच्या व्यवसायाने करू नये.

पदांचीच मोजणी मान्य केली, आणि पदवीधरांकडे ती अधिक असतात असेही गृहीत धरले, तरी त्याचे कारण पदवीच आहे हे सिद्ध व्हायचे राहते. पदवीसोबत तीन गोष्टी आपोआप येतात: वय, सराव आणि बहुधा पैसा. चार वर्षे विद्यापीठात काढलेल्याला संस्थेची घटना कशी वाचायची, निधीसाठी अर्ज कसा करायचा, सभागृह कुणाकडून मिळवायचे, निवडणुकीला कधी उभे राहायचे, हे ठाऊक झालेले असते. त्याला दुसऱ्या विद्यार्थ्यापेक्षा दोन वर्षे अधिक सराव मिळालेला असतो. त्यात त्या पदवीच्या विषयाचा वा ज्ञानाचा वाटा किती, हे पदांच्या यादीवरून कळणे शक्य नाही. पैशाची गोष्ट तर याहून ठळक आहे, कारण विद्यार्थी संघटनांची पदे बिनपगारी असतात, त्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनांना जायला प्रवासखर्च लागतो, आणि ज्याला संध्याकाळच्या कामावर घरभाडे भरायचे आहे तो अशा पदापासून दूरच राहतो. उलट दिशेनेही हाच विचार लागू पडतो. पदवीधरांपैकी जे उशिरा येतात त्यांच्यामागे संसार असतो, मुले असतात, आधीच्या पदवीचे कर्ज असते, आणि ते पदांपासून दूर राहिले तर त्यावरून पदवीने नेतृत्व मारले असा निष्कर्ष कुणी काढणार नाही. जो निष्कर्ष एका दिशेने काढणे हास्यास्पद ठरते, तो दुसऱ्या दिशेने काढताना सावधगिरी का सुटावी?

याहून सूक्ष्म, आणि या सर्व चर्चेत सर्वांत दुर्लक्षिलेला, असा एक दोष निवडीतच दडलेला असतो. प्रवेश समिती ज्यांची तुलना आपल्यापुढे ठेवते, ते सगळे तिनेच निवडलेले असतात, आणि दोन्ही गटांची निवड तिने एकाच निकषाने केलेली नसते. पदवी नसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या उमेदवाराला समिती आत घेते ती मुख्यतः त्याच्या चमकदार गुणांमुळे. अनुभव दाखवायला त्याच्याकडे काळच नसतो. पदवीधर उमेदवाराचे गुण थोडे कमी असले तरी तिने त्याची संघटनेतली कामे, स्वयंसेवा आणि मुलाखतीतील आत्मविश्वास पाहून त्याला घेतलेले असते. मग वर्गात पाहिले असता पहिला गट अभ्यासात पुढे आणि दुसरा गट पदांवर पुढे असे चित्र दिसले, तर त्यातून पदवीचा परिणाम नव्हे, समितीची आवडनिवड दिसते. समितीने जे पेरले तेच उगवले; त्याला निसर्गनियम म्हणता येत नाही. हा दोष दूर करायचा तर ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचे पुढे काय झाले हेही पाहावे लागेल, आणि एका महाविद्यालयाच्या दोन-चार वर्गांची पाहणी करून काढलेले निष्कर्ष तिथवर पोचूच शकत नाहीत. पूर्वपदवी आणि परीक्षेतले यश यांच्या संबंधाविषयी जे अभ्यास झाले, त्यांचेही निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि गुण तर नेतृत्वापेक्षा कितीतरी सोप्या रीतीने मोजता येतात.

प्रवेशाआधी अमुक असलेच पाहिजे, नाही तर खरा फार्मासिस्ट घडत नाही, हा आग्रह अमेरिकी फार्मसीत नवा नाही. एकोणिसाव्या शतकात ही अट उमेदवारीची होती. दुकानात मालकाच्या हाताखाली काही वर्षे काम केल्याशिवाय पदवी नाही, असा दंडक फिलाडेल्फियाच्या १८२१ मध्ये स्थापन झालेल्या आद्य महाविद्यालयापासून चालत आला होता. १८६८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने फार्मसीचे शिक्षण सुरू केले, तेव्हा आल्बर्ट प्रेस्कॉट यांनी ही अट टाकून दिली आणि तिच्या जागी प्रयोगशाळेतील पूर्णवेळ काम आणले. १८७१ मध्ये सेंट लुइस येथील अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या अधिवेशनात ते प्रतिनिधी म्हणून गेले, तर त्यांची प्रतिनिधित्वाची मागणी फेटाळण्यात आली. उमेदवारी न मागणारे ते कसले फार्मसी महाविद्यालय, असा सभेचा सूर होता. पुढे प्रयोगशाळेची पद्धत सर्वत्र रुजली, शतकाच्या अखेरीस प्रेस्कॉट त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि १९०० मध्ये फार्मसी अध्यापकांची जी परिषद उभी राहिली तिचेही पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उमेदवारीत मोल नव्हते असे नाही. पण ती आधीच झालेली असावी हा हट्ट चुकीचा होता. दुकानातला अनुभव पुढे अभ्यासक्रमातच, अध्यापकांच्या देखरेखीखाली, आणला गेला आणि आज तो तिथेच आहे.

इथे प्रतिपक्ष एक खरा मुद्दा मांडू शकतो, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. फार्मसीत शिक्षणाची मुदत जेव्हा जेव्हा वाढली, तेव्हा तेव्हा गरिबांचे काय, दुकानांना माणसे कुठून मिळणार, अशी ओरड झाली, आणि तरीही वाढ योग्यच ठरली. १९३२ पासून चार वर्षांची पदवी किमान झाली, १९६० मध्ये पाच वर्षांची. २००० पासून नव्याने येणाऱ्यांसाठी फार्मडी हीच एकमेव वाट उरली. मग आणखी एक पायरी वर चढण्यात गैर काय? उत्तर असे की या तिन्ही वेळी जे वाढले त्याचे समर्थन फार्मसीच्या गरजेतून केले गेले: औषधशास्त्र वाढले, रुग्णालयात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून उपचाराचा सल्ला देण्याचे काम आले, त्यासाठी वेळ हवा होता. आताचा आग्रह मात्र फार्मसीचा एक तासही वाढवत नाही. इतिहासाची, व्यवस्थापनाची, मानसशास्त्राची किंवा संगणकशास्त्राची कोणतीही पदवी चालेल, फक्त ती असली पाहिजे, असे तो म्हणतो. जी अट कोणत्याही विषयाने पुरी होते, तिचे मोल विषयात नसून त्यावर गेलेल्या वर्षांत आहे, हे तिचे पुरस्कर्तेच त्यामुळे कबूल करतात.

व्यक्तींच्या उदाहरणांनी असा वाद निकालात निघत नाही, पण ‘पदवीशिवाय पुढारी घडत नाहीत’ या सरसकट विधानाला ती पुरेशी आहेत. ह्यूबर्ट हंफ्री १९३० च्या दशकातील मंदीत मिनेसोटा विद्यापीठातले शिक्षण अर्ध्यावर टाकून डेन्व्हरच्या फार्मसी महाविद्यालयात गेले, परवाना घेऊन वडिलांच्या दुकानात उभे राहिले आणि पदवी त्यांनी मागाहून, १९३९ मध्ये, पुरी केली. १९५१ मध्ये, सिनेटर असताना, त्यांनी कार्ल डरहॅम या दुसऱ्या फार्मासिस्ट लोकप्रतिनिधीसह जो कायदा आणला, त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधे आणि थेट विकता येणारी औषधे यांच्यातली रेषा आखली, आणि ती आजही तिथल्या प्रत्येक दुकानाचे काम ठरवते. पुढे ते देशाचे उपाध्यक्ष झाले. एला फिलिप्स स्ट्युअर्ट १९१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या फार्मसी महाविद्यालयातून उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. ओहायोतील टोलीडो येथे त्यांनी दुकान चालवले आणि १९४८ ते १९५२ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. १९७९ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदी आलेल्या मेरी मन्सन रन्ज या त्या पदावरील पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या लुइझियानातील झेव्हियर विद्यापीठाच्या फार्मसीच्या पदवीधर होत्या. त्या काळात फार्मसीच्या आधी दुसरी पदवी ही अट असती, तर यांपैकी कितीजण दारातून आत आले असते, हा प्रश्न अटीच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःला विचारावा.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद परिपक्वतेचा आहे. वीस वर्षांच्या मुलाला मतभेद पचवणे, आपल्याहून वयाने मोठ्यांना काम सांगणे, चूक झाली तर ती उघड करणे जड जाते. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र वाचलेल्याला माणसे जरा लवकर कळतात. आणि फार्मासिस्टला डॉक्टरला अडवून ‘ही मात्रा चुकीची आहे’ असे सांगण्याचे धैर्य लागते. हे सारे मान्य करण्यासारखे आहे. पण हे गुण कुठे घडवायचे, याचे उत्तर फार्मसी शिक्षणाने स्वतःच देऊन ठेवले आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील फार्मसी महाविद्यालयांच्या संघाने पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या फलितांची जी चौकट मांडली, तिच्यात आत्मभान, नेतृत्व, नवनिर्मिती आणि व्यावसायिक वर्तन यांना वेगळे स्थान दिले, आणि २०१६ च्या अधिस्वीकृती मानकांनी ते स्वीकारले. फलित म्हणजे शिक्षणाच्या शेवटी विद्यार्थ्यात दिसायला हवे ते. जे शेवटी दिसायला हवे, ते सुरुवातीलाच तयार मागणे म्हणजे शिकवण्याची जबाबदारी दुसऱ्या विद्यापीठावर ढकलणे होय. जे महाविद्यालय नेतृत्व शिकवू शकत नाही, त्याला ते शिकवता येत नसल्याची कबुली द्यावी लागेल. प्रवेशाच्या अटीमागे ती लपवता येणार नाही.

शिकवायची साधनेही हाताशी आहेत. अधिस्वीकृतीच्या मानकांनुसार विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्यात किमान ३०० तास आणि अखेरच्या टप्प्यात किमान १,४४० तास प्रत्यक्ष व्यवसायस्थळी, म्हणजे दुकानात, रुग्णालयात, दवाखान्यात, अनुभवी फार्मासिस्टच्या देखरेखीखाली काढावे लागतात. विद्यार्थी संघटनांनी दशकानुदशके लसीकरण, मधुमेह तपासणी, रक्तदाब तपासणी अशा मोहिमा चालवल्या आहेत, आणि अशा मोहिमेत शंभर माणसांची रांग सांभाळणे, लस घ्यायला कचरणाऱ्याशी बोलणे, नोंदी चोख ठेवणे ही नेतृत्वाची शाळाच असते. प्रश्न इतकाच की या मोहिमांची सूत्रे दरवर्षी त्याच आठ-दहा धीट विद्यार्थ्यांच्या हाती जातात, की ती आळीपाळीने सगळ्यांकडे येतात. समितीचे प्रमुखपद फिरते ठेवणे, दुकानातल्या नोकरीतील कामाला श्रेयांक देणे, अधिवेशनाचा खर्च महाविद्यालयाने उचलणे, पहिल्याच वर्षी प्रत्येकाला एखादे छोटे काम शेवटापर्यंत नेण्याची जबाबदारी देणे: यांतले काहीही अवघड नाही. प्रवेशाची अट वाढवणे मात्र याहून सोपे आहे, कारण तिचा खर्च महाविद्यालय भरत नाही, विद्यार्थी भरतो.

हा खर्च केवढा आहे? कर्ज काढून शिकणाऱ्या फार्मडी पदवीधराच्या डोक्यावर अलीकडे सरासरी दीड लाख डॉलरांहून अधिक कर्ज असते. त्यात आणखी दोन वर्षांची फी, राहण्याचा खर्च आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार मिळवला म्हणजे कोण गळणार हे उघड आहे. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेली मुले गळतील, स्थलांतरितांची मुले गळतील, झेव्हियर, हॉवर्ड, फ्लोरिडा ए अँड एम यांसारख्या संस्थांनी ज्या कृष्णवर्णीय समाजातून पिढ्यान्‌पिढ्या फार्मासिस्ट घडवले त्या समाजातील मुले गळतील. नेतृत्व वाढवण्यासाठी आणलेल्या अटीने नेतृत्वाची सर्वाधिक गरज असलेल्या वस्त्यांतले पुढारी आधीच बाद होतील. २००० च्या सुमारास ऐंशीच्या घरात असलेली फार्मसी महाविद्यालये पुढील दोन दशकांत १४० च्या वर गेली आणि अर्ज करणारे मात्र घटले. अशा काळात दार अरुंद करण्याचा विचार तर अधिकच अनाकलनीय आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला अमेरिकेतील समकक्षता परीक्षेला बसायचे तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे आपल्याकडील चार वर्षांच्या बी. फार्म. धारकाला ती वाट बंद झाली. तो तिथे फार्मडीला गेला, तर त्याची फार्मसीचीच चार वर्षे ‘आधीचे शिक्षण’ म्हणून गणली जातात. भारतात २००८ मध्ये फार्म. डी. सुरू झाली, तिच्यातही बारावीनंतर थेट आलेले आणि बी. फार्म. करून चौथ्या वर्षाला मिळालेले विद्यार्थी एकाच वर्गात असतात. त्याहून बोलके उदाहरण डिप्लोमाचे आहे. डी. फार्म. करून बी. फार्म. च्या दुसऱ्या वर्षात आलेला विद्यार्थी वयाने मोठा असतो, त्याने दोन वर्षे फार्मसीच शिकलेली असते आणि काउंटरच्या आत उभे राहून प्रशिक्षण घेतलेले असते; तरीही आपल्या कितीतरी महाविद्यालयांत ‘डिप्लोमावाला’ हे बिरूद त्याला कमी लेखण्यासाठीच वापरले जाते. तिथे आधीचे शिक्षण नेतृत्वाची खूण ठरते, इथे तेच दुबळेपणाची. यावरून कळते ते एवढेच की लोक आधीच्या शिक्षणाला नव्हे, त्या शिक्षणाला समाजात असलेल्या प्रतिष्ठेला मान देत असतात.

महाराष्ट्राने गुणांवरून नेतृत्व ठरवण्याचा प्रयोगही करून पाहिला आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला विद्यार्थी प्राचार्यांनी नेमावा अशी तरतूद केली. निवडणुकांतील हिंसा थांबवण्याचा हेतू प्रामाणिक होता, पण परीक्षेत पहिला आलेला तोच वर्गाचा प्रतिनिधी, हे समीकरण अनेक महाविद्यालयांत परिषदेला कागदावरच ठेवून गेले. ज्याला वर्गाने निवडले नाही त्याच्यामागे वर्ग उभा राहत नाही. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीचे तत्त्व पुन्हा आले, ते याच अनुभवानंतर.

म्हणून अमेरिकेतील प्रवेश समित्यांनी पूर्वपदवी ही एक माहिती म्हणून पाहावी, पात्रता म्हणून नव्हे. आणि भारतातील ज्या महाविद्यालयांना फार्म. डी. साठी अशीच अट आणण्याचा मोह होईल, त्यांनी आधी आपल्या वर्गातील डिप्लोमाधारकांना विद्यार्थी परिषदेत जागा द्यावी आणि मग बोलावे.